स्टेप कटिंग आणि घरभर वाढलेल्या दाढ्या

मु. पो. आंधळगाव, जि. भंडारा
ता. ११ मार्च १९८१, बुधवार

तीर्थरूप मोठेबाबा यांच्या पायांवर ईश्वरने डोके ठेवले आहे असे समजावे. (हे डोके सध्या कोणत्या अवस्थेत आहे ते खाली येईलच. आशीर्वाद देताना हात जरा बेताने ठेवावा, केस डोळ्यांत जातात.)

आपली प्रकृती कशी आहे? हे वाक्य मी दर पत्रात लिहितो आणि आपण दर पत्रात 'ठीक' एवढेच उत्तर धाडता, पण या खेपेला मी रीत म्हणून विचारत नाही. छातीतला कफ सुटला का? तळ्याच्या पाळीपर्यंत चालणे होते का? जेवण जाते का? आपण ठणठणीत असणे ही आज या घराची सर्वांत मोठी गरज होऊन बसली आहे. कारण पुढे आहे, पण ते बसून वाचावे, आणि मोठीमायला वाचून दाखवण्याआधी आपण एकटे एकदा वाचून घ्यावे. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहिणार होतो, पण खोटे लिहवत नाही. जनावरे क्षेम आहेत.

सगळ्याचे मूळ माझे केस. आपल्याला ठाऊकच आहे की माझ्या डोक्यावर भोवरे दोन आहेत, आणि दोन भोवरे म्हणजे दोन लग्ने ही गोष्ट मायच्या मनात मी पाळण्यात असल्यापासून घट्ट बसली आहे. शहापूरच्या बाबूलालजींच्या चंद्रकलेशी माझे साक्षगंध झाल्यापासून तर तिने माझ्या डोक्यावर पहाराच बसवला. मुलीकडच्यांनी दुसरा भोवरा पाहिला तर ते म्हणतील, आमच्या पोरीनंतर दुसरी येणार हे कपाळावर नाही तर टाळूवर लिहून आणले आहे. म्हणून रोज सकाळी खोबरेल तेल चोपडायचे, पाणी मारायचे, फणीने मागचे केस पुढे ओढून भोवऱ्यावर निजवायचे आणि ते उठू नयेत म्हणून वर ओला पंचा करकचून बांधून चहा प्यायचा. पंचा सोडला की भोवरा उठायचा. पुन्हा तेल, पुन्हा पंचा. इकडे तुमसरची गाडी निघून जायची आणि मी राइस मिलवर उशिरा पोहोचायचो. तिथे माझ्या जागी वजनकाट्यावर दुसराच कोणी बसलेला असायचा आणि माझ्याकडे पाहून म्हणायचा, "या, नवरदेव!"

अशा मनःस्थितीत मी तुमसरच्या बाजारातल्या एका नव्या केशकर्तनालयासमोर उभा राहिलो. (नाव लिहीत नाही. पाटीवर 'सलून' हा शब्दच चुकीचा रंगवला होता. ज्याला आपल्या दुकानाचे नाव धड रंगवून घेता येत नाही त्याच्या हाती डोके देऊ नये, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.) काचेत एका माणसाचे चित्र होते. त्याचे केस पायरी-पायरीने कानांवर उतरले होते आणि चेहऱ्यावर असे समाधान होते की याला सकाळी कसलीच घाई नसावी. आत नागपूरहून शिकून आलेला कारागीर होता. तो म्हणाला, याला स्टेप कटिंग म्हणतात. यात तेल नाही, भांग नाही. सकाळी नुसते पाणी मारायचे, मान एकदा झटकायची, की केस आपापल्या पायरीवर जाऊन बसतात. मी भीत भीत भोवऱ्यांचे विचारले. तो म्हणाला, "अरे भाई, दो हो या चार, सब दब जाएँगे." मी बसलो.

पुढे आरसा आणि मागेही आरसा. आयुष्यात पहिल्यांदा मी माझा दुसरा भोवरा पाहिला, आणि एक नव्हे, आरशात आरसा असा दूरवर पाहिला. तेव्हाच उठायला हवे होते. पण गळ्याभोवती कापड बांधले होते, आणि कापड बांधल्यावर उठणे मला बरे वाटले नाही.

त्या दिवशी दुकानातून निघालो तेव्हा केस खरेच बसले होते, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी डोके धुतले आणि पायऱ्या एकमेकींशी भांडल्यासारख्या वेगळ्या झाल्या. पुढची पायरी डोळ्यांवर उतरली. मधली सरळ उभी. मागची बाहेरच्या बाजूला वळून छपरावरच्या कवेलूसारखी राहिली. आणि दोन्ही भोवरे, ज्यांना आजवर लांब केसांचे ओझे होते, ते मोकळे झाल्याबरोबर असे उठले की माय चुलीपुढून ओरडली, "अरे बापा, तुह्या डोस्क्यावर दोन कोंबडे उभे राह्यले!" पाणी मारले, मान झटकली. पुन्हा झटकली. इतकी झटकली की भैयाजी काकांनी गोठ्यातून विचारले, काय गा, कानात पानी गेलं का? पूर्वी तेल आणि एक पंचा लागायचा. आता दोन फण्या, एक पंचा आणि डोके भिंतीला टेकवून वाळेपर्यंत स्वस्थ उभे राहणे एवढे लागते. शिवाय मिलमध्ये कोंडा उडतो. तेलकट चपट्या केसांवर तो बसून झटकला जायचा. आता प्रत्येक पायरीवर स्वतंत्र बसतो आणि संध्याकाळी मी म्हातारा होऊन घरी येतो.

एवढ्यावर थांबले असते तर मी हे पत्र लिहिलेच नसते. पण त्या आठवड्यात सुखरामबाबा आपल्या नेहमीच्या दिवशी आले. आपल्या घरच्या तीन पिढ्यांची डोकी त्यांच्या आणि त्यांच्या वडिलांच्या हाताखालून गेली, दरसाल खळ्यावरून त्यांचे धान त्यांना जाते, आणि माझे जावळ त्यांनीच काढले, हे आपल्याला मी सांगावे असे नाही. माझ्या दोन भोवऱ्यांची गोष्ट त्यांनी आजपर्यंत कोणालाही कळू दिली नाही आणि केस असे कापत आले की वरून एकच दिसावा. तर ते दारापुढच्या सपरीत बसून बाबांची दाढी करत होते. डावा गाल झाला होता, उजव्या गालावर साबण होता. मी बाहेर आलो. डोक्यावर दुपट्टा घ्यायचे विसरलो होतो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि वस्तरा हवेतच राहिला.

"हे कोनं केलं?"

मी म्हणालो, "तुमसरले, बाबा."

"तुमसरले." एवढेच म्हणून त्यांनी वस्तरा पुसला, मिटला, धोकटीत ठेवला. बाबा म्हणाले, अहो सुखराम, माहा एक गाल राह्यला ना! ते उभे राहिले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "त्या गालालेबी तुमसरले घेऊन जा, यादोरावभाऊ." आणि गेले. (रागावले असते तर बरे होते. शांत होते म्हणून सगळे घर घाबरले.)

आता यात भीती कसली, असे आपल्याला लाखांदूरला बसून वाटेल. पण वैशाखात माझे लग्न. सुखरामबाबांशिवाय नवरदेवाला हळदीची आंघोळ कोण घालणार? नखे कोण काढणार? मांडवातली त्यांची कामे दुसऱ्या गावचा माणूस करणार नाही, कारण आजूबाजूच्या गावांतले त्यांचे सगळे भाऊबंद एका शब्दावर चालतात, आणि तो शब्द फिरला होता. माझ्या डोक्यापायी घराण्याचा न्हावी तुटला. बाबांनी स्वतः वस्तरा धरून पाहिला, पण हनुवटीवर एवढे कापले की मायने वस्तरा लपवून ठेवला. तुमसरला जाऊन करून येतो म्हटले तर बाबा कडाडले. सुखरामने घरातली एखादी गुळगुळीत हनुवटी पाहिली तर तो समजेल की आपण कायमचेच फिरलो. तेव्हा घरात कोणीही दाढी करायची नाही. आपण कोणाकडे गेलो नाही हे त्याला दिसले पाहिजे. दिसले की त्याचे मन वळेल.

अशा रीतीने बाबा, भैयाजी काका आणि मी, तिघांनी सुखरामबाबांच्या सन्मानार्थ दाढ्या वाढवल्या. बाबांची अर्थातच एका गालावर आधी आणि दुसऱ्या गालावर मागून. ते रोज सुखरामबाबांच्या घरावरून उगीच एक चक्कर मारतात आणि वाढलेला गाल त्यांच्या दाराकडे करून चालतात. सुखरामबाबा दारात बसून दुसऱ्याच कोणाची हजामत करतात आणि वर पाहत नाहीत.

मोठेबाबा, चूक कुठे झाली ते आता आपल्या ध्यानात आले असेल. आम्हा तिघांच्या ध्यानात ती आली नाही.

शिवरात्रीला आम्ही बैलबंडी जुंपून गायमुखच्या यात्रेला गेलो. बाबांचा गुडघा दुखत होता म्हणून ते वर देवळात न जाता खाली बंडीपाशीच बसले. काका त्यांच्या सोबतीला. मी डोक्याला दुपट्टा घट्ट गुंडाळलेला, कारण मायने भोवऱ्यांवर शपथ घातली होती. आणि समोरून बाबूलालजी सहकुटुंब आले. थोड्या अंतरावर थबकले. आमच्याकडे नीट पाहिले. आणि रामराम न करता, मान खाली घालून, बाजूने निघून गेले. बाबांना ते फार लागले. त्यांना वाटले, केसांची बातमी शहापूरला पोहोचली आणि व्याह्याने तोंड फिरवले. म्हणून बाबांनीही तोंड फिरवले, आणि रागाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

आता बाबूलालजींच्या जागी उभे राहून पाहावे. घरातल्या सगळ्या पुरुषांच्या दाढ्या वाढलेल्या. व्याही यात्रेला येऊनही देवळाची पायरी चढत नाही. जावयाने डोके झाकलेले, म्हणजे आत काय असणार ते उघड आहे. आणि व्याह्याच्या डोळ्यांत पाणी. सुतकातल्या माणसाला रामराम करू नये, ही रीत त्यांनी पाळली. माणूस रीतीचा फार पक्का आहे. पण गेले कोण? बाबांना तर त्यांनी समोर पाहिले, काकांनाही पाहिले. राहिले आपण. साक्षगंधाला आपण आला नव्हता, आणि बाबांनी तेव्हा सर्वांसमोर म्हटले होते की दादाचे काही सांगता येत नाही, फार खोकतात.

(इथे थांबून पाणी प्यावे. पुढचे वाचताना आपण जिवंत आहात हे लक्षात ठेवावे.)

आम्हाला हे कळले ते रुखमामुळे. रुखमा म्हणजे आपल्याच गावची, पांदणीकडच्या घरची, जी चंद्रकलेच्या भावाला दिली. ती माहेरी आली आणि थेट आमच्या फाटकातून "काकी वोऽऽ" करून गळा काढत आत शिरली. मायला वाटले, हिचेच कोणीतरी गेले. तिने हातातले सूप टाकले, रुखमाला पोटाशी धरले आणि तीही रडू लागली. आपल्याकडे आधी रडून घ्यायचे आणि मग विचारायचे ही पद्धत. दोघी एकमेकींच्या पाठीवरून हात फिरवत, एकमेकींना धीर देत रडत होत्या. शेजारच्या बाया आल्या, त्याही बसल्या. माय म्हणत होती, "रडू नको वो माय, देवानं नेलं त्याले कोन काय करन." रुखमा म्हणत होती, "तुमीच धीर धरा काकी, तुमच्याकडं पाहून बाकीचे जगतीन." शेवटी रुखमाने पदराने डोळे पुसले आणि विचारले,

"तेरवी कवा हाय जी? मामाजी विचारून राह्यले." (मामाजी म्हणजे तिचे सासरे, बाबूलालजी.)

"कोनाची वो?" माय म्हणाली.

"अवो, लाखांदूरच्या मोठेबाबाची!"

यावर माय खरोखरीची रडू लागली, कारण तिला वाटले की शहापूरला आधी बातमी लागली आणि आपल्याला कोणी कळवलेच नाही. मी मिलमधून आलो तेव्हा घरात ही अवस्था होती. सुदैवाने आपले पत्र आदल्याच दिवशी आले होते, ज्यात आपण गुळाची ढेप मागवली आहे. मी ते मोठ्याने वाचून दाखवले. (गेलेला माणूस गूळ मागवत नाही, हे मायला पटले.)

पण शहापूरचे काय? रुखमाने सांगितले की बाबूलालजींनी मांडववाल्याला नको म्हणून कळवले आहे. घरातला मोठा माणूस गेला, तेव्हा वर्ष होईपर्यंत लग्न नाही. आणि मधल्या वेळात साकोलीकडचे एक मास्तरांचे स्थळ, जे आमच्या आधी येऊन गेले होते, ते पुन्हा चौकशी करू लागले आहे. मास्तराला पक्की नोकरी आहे. मला काटा आहे. एक वर्ष म्हणजे किती लांब असते, हे ज्याचे लग्न पुढे जाते त्यालाच कळते, मोठेबाबा.

तेव्हा बाबा स्वतः शहापूरला गेले. दाढी तशीच, कारण सुखरामबाबांचे मन अजून वळले नव्हते. झाले असे की त्यांना फाटकात पाहताच बायकांनी रडे काढले, कोणीतरी पायांवर पाणी घातले आणि बाबूलालजींनी हात धरून ओसरीत बसवले. बाबा म्हणाले, अहो, दादा आहेत! बाबूलालजी गहिवरून म्हणाले, "आहेत ना जी. असा मानूस कोठी जाते? आपल्यातच आहेत." बाबा म्हणाले, तसे नाही हो, ते लाखांदूरला आहेत, जेवतात, खोकतात! बाबूलालजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि घरात पाहून हळूच म्हणाले, च्या आना, भावाचा लय जीव होता. बाबा जितके ओरडून सांगत तितके ते लोक जास्त कळवळत. शेवटी बाबा सुतकातला काळा चहा पिऊन परत आले. तेव्हापासून ते नुसते माझ्या डोक्याकडे पाहतात.

मोठेबाबा, मी नववीपर्यंत शिकलेला माणूस. कुणाचे वाईट केले नाही. सकाळी फणी कमी फिरवावी एवढाच माझा हेतू होता. त्या स्टेप कटिंगने माझी सकाळ घेतली, बाबांचा गाल घेतला, घरचा न्हावी घेतला आणि जवळजवळ आपल्यालाही घेतले. हा केसांचा प्रकार सरकारने बंद केला पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. लाखांदूरला कोणी तरुण मुलगा त्याच्या नादी लागला असेल तर त्याला हे पत्र दाखवावे. (तेरवीचा भाग सोडून.)

मोठीमायला नमस्कार. खोकल्यावर अडुळशाचा काढा चालू ठेवावा, या वेळी अजिबात हयगय करू नये. गूळ पाठवतो.

आपल्या आज्ञेतला पुतण्या,
ईश्वर यादोराव

ता. क. शब्द पुरत नाहीत तिथे माणूसच लागतो. तेव्हा येत्या रविवारी आपण गाडीने भंडाऱ्याला यावे, मी स्टँडवर असेन, आणि तिथून आपण दोघांनी शहापूरला जावे. आपल्याला काही बोलायचे नाही. फाटकातून चालत आत जायचे, खाटेवर बसायचे आणि पोटभर जेवायचे. खोकला आला तर दाबू नये, उलट मोकळेपणाने खोकावे. म्हणजे आपणच आहात हे त्यांना पटेल. फक्त दाढी करून यावे. तिकडच्या न्हाव्याशी आपले बरे आहे ना?

ता. क. दुसरे. रविवारच्या आधी एक मुक्काम आंधळगावला केलात तर फार उपकार होतील. सुखरामबाबांनी काल मायला सांगितले की तुलारामभाऊ, म्हणजे आपण, स्वतः येऊन म्हणतील तर मी धोकटी उचलीन. आपण दोघे बरोबर तळ्यात पोहायला शिकलात म्हणे. त्यांची अट एकच आहे. माझे डोके पूर्ण त्यांच्या हाती द्यायचे आणि ते त्यावर मशीन फिरवून, त्यांच्या भाषेत सांगायचे तर, ते माणसात आणणार. बाबांनी अट मान्य केली आहे. मायनेही केली आहे. मला कोणी विचारले नाही.

ता. क. तिसरे. (हे कृपा करून कोणालाही वाचून दाखवू नये, मोठीमायलाही नाही.) रुखमा निघताना फाटकाआड मला एक गोष्ट सांगून गेली. गायमुखला मी नळावर तोंड धुवायला वाकलो तेव्हा दुपट्टा सुटला होता. मला वाटले कोणी पाहिले नाही. चंद्रकलेने पाहिले आणि फक्त रुखमाजवळ बोलली; रुखमाला त्याचा अर्थ आपले पत्र ऐकल्यावर लागला. म्हणजे त्या घरात तिला एकटीलाच पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे की माझे मुंडन झालेले नाही आणि कोणी गेलेले नाही. पण वडिलांना कसे सांगणार, की मी होणाऱ्या नवऱ्याकडे टक लावून पाहत होते? म्हणून बिचारी बाकीच्यांबरोबर बसून आपल्यासाठी रडते आहे. तिने रुखमाजवळ निरोप दिला आहे. निरोप एवढाच: "केस तसेच राहू द्या म्हनावं." (भोवरे मोजले का, हे रुखमाला विचारण्याची माझी हिंमत झाली नाही.)

तेव्हा वर केसांबद्दल जे लिहिले आहे ते सगळे खरे असले तरी ते तितकेसे मनावर घेऊ नये. सुखरामबाबांशी बोलताना बाबांची दाढी द्यावी, काकांची द्यावी, माझीही द्यावी, पुढच्या खळ्याला चार पायल्या जास्त द्याव्यात. माझे डोके मात्र वैशाखापर्यंत मागून घ्यावे. लग्न आणि केस यांतले एकच साधणार असे दिसले तर अर्थातच लग्न घ्यावे. पण आधी दोन्ही मागून पाहावे, मोठेबाबा.